आठ दिवसांत पंचवीस वर्षं

"कितवं साल चाललंय, मिस्त्री?" बाबूराव खोचऱ्यांनी दारातूनच विचारलं.

"ब्याऐंशी," मी म्हणालो.

"अजून ब्याऐंशीच? बुधवार आला की वो! आज शहाऐंशीला पोचतो म्हणाला होता."

"मधी वहिनींच्या सासूबाईंचं दुखणं निघालं. दोन वर्षं घरात तळण नव्हतं म्हणतात. तळणच नाही म्हटल्यावर तेलाचे डाग कुठले टाकू?"

बाबूराव बायकोकडे वळले. "आईला कधी दुखणं होतं गं? शेवटच्या दिवसापर्यंत शेंगा फोडत बसली होती."

"तुम्ही बोअरच्या गाडीवर गावोगाव हिंडत होता. तुम्हाला काय ठाऊक?" शालनवहिनी म्हणाल्या. "दोन वर्षं नुसता मऊ भात शिजवलाय मी."

"बरं, एक वर्ष धरा. मिस्त्री, आई एकच वर्ष आजारी."

मी मान हलवली, बोटाला काजळी लावली आणि वरच्या कपाटाच्या कडेला ब्याऐंशी साल पुरं करायला लागलो.

त्या स्वयंपाकघरात तोवर एकदाही स्वयंपाक झालेला नव्हता. बंगला बांधून चौदा महिने झाले होते. सांगलीहून विट्याला जाणाऱ्या रस्त्यावर तो उभा होता, लांबूनसुद्धा दिसायचा. बाबूरावांनी बोअरवेलच्या दोन गाड्यांच्या सात केल्या आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर बायकोला स्वयंपाकघर करून दिलं. सगळी दारं सागवानी, आतून पांढराशुभ्र सनमायका. शालनवहिनींना ते इतकं आवडलं, की त्यांनी सगळ्या कपाटांवर जुन्या साड्या पांघरल्या आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वयंपाक सुरू ठेवला. फोडणी दिली तर कपाटं खराब होतील, असं त्यांचं म्हणणं. पाहुणे आले की साड्या काढायच्या, कपाटं दाखवायची, पुन्हा साड्या घालायच्या.

माझा धंदा पॉलिशचा. तीस वर्षं मी जुन्याचं नवं केलं होतं. नव्याचं जुनं करा म्हणून सांगणारे बाबूराव पहिलेच.

कारण होतं त्यांची मुलगी पद्मजा. तिला रणवऱ्यांचं स्थळ आलं होतं. रणवरे म्हणजे कऱ्हाडच्या पलीकडचं जुनं घराणं. मुलगा जनावरांचा डॉक्टर. कोल्हापूरच्या कृषी प्रदर्शनात दोघं एकदा बोलली होती, एवढंच. पण लग्न मुलाच्या आत्याच्या हातात होतं. त्यांना सगळे आक्कासाहेब म्हणत. मध्यस्थ सांगून गेला होता, "आक्कासाहेब मुलगी बघत न्हाईत, चूल बघतात. मागच्या एका घरात सगळं स्वयंपाकघर कोरं करकरीत दिसलं, तर म्हणाल्या, ही माणसं हाटेलात जेवतात, आणि चहा न घेता उठल्या."

म्हणून बाबूरावांनी ठरवलं, कपाटं जुन्या घरातून आणलीत असं सांगायचं. पंचवीस वर्षं रांधलेली दिसली पाहिजेत. मंगळवारी पाहुणे येणार. माझ्या हातात आठ दिवस.

जुनं करायची कृती अवघड नसते. आधी वरची चकाकी पॉलिश पेपरने मारायची. मग सायकलची चेन घेऊन दारांना चोप द्यायचा, म्हणजे टोचे पडतात. काथाचं पाणी पाजायचं, म्हणजे लाकूड काळवंडतं. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये दोन दिवस भिजवले की त्या पाण्याने भेगांत राखाडी उतरते. चेनचा पहिला फटका बसला तेव्हा शालनवहिनी पदर तोंडाला लावून मागे निघून गेल्या. तासाभराने आल्या, म्हणाल्या, "जरा हळू मारा वो. नवीन हाय ते."

अवघड असते ती झीज. माणूस कपाट वापरतो तेव्हा सगळीकडे सारखा हात लावत नाही. एकाच जागी लावतो, आणि तिथला रंग जातो. ती जागा कळायची तर तिथे कुणीतरी स्वयंपाक केला पाहिजे. शालनवहिनी तयार होईनात. मग आम्ही एक रीत काढली. त्या स्टुलावर बसून सांगायच्या आणि मी रिकाम्या ओट्यापुढे उभा राहून करायचो.

"आता पोहे करा."

मी कपाट उघडल्यासारखं करायचो, पोह्यांचा डबा काढल्यासारखं करायचो.

"मोहरी काढा. अंहं, मोहरी खालच्या खणात. तिखट वर. आता पोह्याला पाणी. झाकण कुठं ठेवलं? पुसा हात."

जिथे जिथे माझा हात पडे तिथे खडूची खूण करायची, मग ती जागा घासायची. मी त्या आठवड्यात पंचवीस वर्षांचे पोहे केले, दिवाळ्या केल्या, पद्मजाचं बारसं केलं. बारशाला तूप सांडलं की नाही यावरून नवरा-बायकोत भांडण झालं. ज्या घरात बारसं झालं तिथे कपाटच नव्हतं, फक्त एक कोनाडा होता, हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. शेवटी अर्धी वाटी तूप सांडलं असं ठरलं, आणि मी ते सांडलं.

बाबूरावांनी साल घालून एक यादीही लिहून दिली होती. मी ती घडी घालून खिशात ठेवली. गुरुवारी दुपारी पद्मजा आली, हातात चहा. यादी खिशातून ओट्यावर पडलेली होती. तिने ती वाचली आणि कोपऱ्यातल्या कपाटाकडे बघितलं.

"मामा, इथं लिहिलंय, शहाऐंशी साली दूध उतू गेलं, कोपऱ्यात करपल्याची खूण. तुम्ही केली न्हाई."

"राहिली."

"राहिली न्हाई. तुम्ही वाचलं न्हाई."

मी चेन उचलली आणि उगाच एका दाराला दोन फटके दिले.

"शाळेत गेला न्हाईत?"

"गेलो. तीन दिवस. मी पाटीवर डाव्या हातानं रेघ मारली म्हणून मास्तरांनी हात सुतळीनं बाकाला बांधला. तिसऱ्या दिवशी सुतळी सोडवली आणि मागच्या भिंतीवरून उडी मारली. त्या बाजूला एक सुतार रंधा मारत बसला होता. तो कुठल्या हातानं धर म्हणाला न्हाई."

पद्मजा हसली नाही. तिने आपला डावा हात पुढे केला. मनगटावर एक जुना वळ होता.

"आईनं फडकं बांधलं होतं," ती म्हणाली. "दोन स्थळं ह्या हातानं गेली. एकदा आमटी वाढताना हात चुकला, तर मुलाची आजी ताटावरनं उठली. डावऱ्या हाताची सून नैवेद्य कशी दाखवणार म्हणाली. तेव्हापासनं रोज सकाळी मला उजव्यानं वाढायची तालीम हाय."

"कुणाला वाढतेस?"

"चार रिकाम्या खुर्च्यांना. तांदूळ वाढते. अजून सांडतात."

"आणि हे स्थळ?"

ती थोडा वेळ कपाटाच्या मुठीशी चाळा करत राहिली. "मी प्रदर्शनात म्हशीच्या गोचिडांबद्दल विचारत होते. पंधरा मिनिटं विचारत होते. तो ऐकत होता, मामा. घड्याळ बघत नव्हता. मला हे जायला नकोय."

मग ती एकेक दार उघडून बघायला लागली. घासलेल्या जागांवरून हात फिरवायची आणि मान डोलवायची. "एकदम बरोबर. हात इथंच पडतो. मीठ असंच काढतात. मामा, तुम्ही बाईच्या जन्मालाच यायला हवं होतं."

मला बरं वाटलं. तिच्यासारखी पारखणारी दुसरी कुणी घरात नव्हती. शालनवहिनी टोच्यांकडे बघून हळहळायच्या, बाबूराव साल विचारायचे. झीज नीट तपासली ती पद्मजानेच, आणि ती अगदी बरोबर होती.

सोमवारी संध्याकाळी आम्ही नव्व्याण्णव सालात पोचलो. बाबूरावांनी नारळ फोडला.

मंगळवारी मी सकाळीच गेलो, कारण पॉलिशच्या चपडीचा आणि स्पिरिटचा वास जाईना. वास मारायला म्हणून शालनवहिनींनी त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा शेगडी पेटवली आणि तीन किलो कांदा परतायला घेतला. वरचा धूर ओढायचा पंखा कसा चालू करायचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पाहुणे चार वाजता येणार होते. साडेदहाला फाटकाशी गाडी वाजली.

"आलं! आलं!" बाबूराव आत धावत आले. "मिस्त्री, तुम्ही अजून इथं? मागनं जावा... न्हाई, मागं ड्रायव्हर गाडी लावतोय. थांबा. हा टॉवेल खांद्यावर टाका. तुम्ही आमचे जुने आचारी."

"मला साधा चहा येत न्हाई, बाबूराव."

"आठ दिवस काय करत होता मग? पोहे, पुरणपोळी, सगळं केलंय की तुम्ही!"

एवढ्यात आक्कासाहेब आत आल्याच. साठीच्या, बुटक्या, हातात काठी. बैठकीत थांबल्याच नाहीत. त्यांच्या मागे पद्मजा, डोक्यावर पदर, डावा हात पदरात गुंडाळलेला.

"ही कपाटं," आक्कासाहेब म्हणाल्या.

"जुन्या घरातली," बाबूराव म्हणाले. "पंचवीस वर्षांची. आमच्या तीर्थरूपांची आठवण."

आक्कासाहेब एकेका दाराजवळ गेल्या. नाक जवळ नेऊन बघायच्या, बोट फिरवायच्या. कांद्याच्या धुराने सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यामुळे निदान वातावरण तरी घरंदाज दिसत होतं.

"स्वयंपाक कोण करतं?"

"मी," शालनवहिनी म्हणाल्या.

"हे आचारी," त्याच क्षणी बाबूराव म्हणाले.

"दोघं मिळून," मी म्हणालो.

आक्कासाहेबांनी जोड-कपाटाच्या डाव्या दाराकडे काठी केली. त्याची मूठ पार उघडी पडली होती, खाली ओल्या हाताचा काळा ओघळ होता. तो ओघळ उमटवायला मला एक दिवस लागला होता. मग त्यांनी काठी उजव्या दाराकडे नेली. पुढच्या कपाटाकडे, त्याच्या पुढच्या. सगळीकडे डावं दार झिजलेलं आणि उजवं धड.

"उजव्या दारांना पंचवीस वर्षांत कुणी शिवलं न्हाई?"

 कढईत कांदा करपला.

"घरात डावरं कोण हाय?"

तेव्हा मला कळलं काय झालं ते. पद्मजालाही कळलं. तिच्या पदरातला हात हललेला मला दिसला. आम्ही दोघांनी मिळून एकच चूक केली होती, आणि दोघांनाही ती चूक वाटली नव्हती.

"आमची आई!" बाबूराव ओरडले. "आई डावरी होती."

"सासूबाई डावऱ्या?" शालनवहिनींना खरंच नवल वाटलं.

"होती गं. तुला ठाऊक न्हाई. एकोणनव्वदला वारली, आक्कासाहेब. तोवर सगळं तिच्याच हातचं."

"मग त्यानंतर दहा वर्षं तुम्ही उपास केलेत काय?" आक्कासाहेब म्हणाल्या. "उजव्या हातानं कुणी एक डबा काढला न्हाई?"

 आक्कासाहेबांची नजर आता पद्मजाच्या पदराकडे वळत होती. मी टॉवेल झटकला.

"मी डावरा हाय," मी म्हणालो. "आचारी. सगळं मीच करतो. वहिनी नुसत्या सांगतात."

हे शब्दाला शब्द खरं होतं.

आक्कासाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझी नखं काथाने तपकिरी झाली होती. "बरं," त्या म्हणाल्या. "करा मग चहा."

मी वळलो. मी आठ दिवस ज्या कपाटातून चहापत्ती काढली होती, ते कपाट उघडलं. आत काही नव्हतं. दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. सगळी रिकामी. आतला सनमायका लख्ख पांढरा, त्यावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढलेला नव्हता, आणि वर कोपऱ्यात दुकानाचा निळा गोल शिक्का. बाहेर पंचवीस वर्षं आणि आत काल सकाळ. आत रंगवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. यादीत नव्हतं.

मी हळूच दार लावलं, जणू काही आत कुणीतरी झोपलंय.

"पत्ती संपली," मी म्हणालो.

"कपाट पण संपलंय," आक्कासाहेब म्हणाल्या. "चहा कुठं करता तुम्ही लोक? खरं सांगा."

"मागं," पद्मजा म्हणाली.

"पद्मे!" शालनवहिनी म्हणाल्या.

"मागं, आक्कासाहेब. पत्र्याच्या शेडमध्ये. चला, मी करते."

ती पुढे निघाली. आक्कासाहेब काठी टेकत मागून, त्यांच्या मागे आम्ही तिघं, वरातीसारखे. शेडमध्ये एक दोन शेगड्यांचा स्टोव्ह होता, मडकं होतं, आणि एक फडताळ. खोचरे दोन खोल्यांत भाड्याने राहत होते तेव्हाचं, खोक्याच्या फळ्यांचं. माझी तिथे पहिल्यांदाच नजर गेली. त्याच्या उजव्या दाराची मूठ शालनवहिनींच्या हाताने झिजून बोटाएवढी झाली होती. आणि डाव्या दाराला मूठच उरली नव्हती. तिथे नुसतं लाकूड होतं, गुळगुळीत, उजळ, तेलकट. मला असं काम जन्मात जमलं नसतं.

पद्मजाने डावं दार उघडलं. डाव्या हाताने साखर घेतली, डाव्या हाताने पत्ती, डाव्या हाताने आलं ठेचलं. पदर पडला होता, तो तिने सावरला नाही. शालनवहिनींनी डोळे मिटून घेतले. चहा गाळताना एक थेंब बाहेर गेला नाही. मग तिने कप-बशी उचलली. डाव्याच हाताने आक्कासाहेबांपुढे धरली.

"उजव्या हातानं दिलं तर सांडतं," ती म्हणाली. "चार खुर्च्यांना विचारा. दिवसभर उजव्यानं काम करीन असं सांगून आले, तर ते खोटं महिन्याभरात तुमच्या लक्षात येईल. म्हणून आत्ताच दाखवते."

आक्कासाहेबांनी कप घेतला नाही. त्या फडताळाजवळ गेल्या आणि त्या उजळ जागेवर अंगठा फिरवत राहिल्या.

"हे कुणी रंगवलं?" त्यांनी मला विचारलं.

"हे कुणी न्हाई रंगवलं, आक्कासाहेब."

"आणि पुढचं?"

"ते मी. मी आचारी न्हाई. पॉलिशवाला हाय."

"नखांवरनं कळलं. आचाऱ्याची नखं पिवळी असतात." त्यांनी कप घेतला. एक घोट घेतला. मग बाबूरावांकडे वळल्या. "खोचरे, तुमच्या कपाटात अजून काही ठेवलेलं न्हाई. आमच्यातलं संपलेलं हाय. एवढाच काय तो फरक. कशाला बिचाऱ्या दारांना बडवलंत?"

बाबूरावांनी हात जोडले, पण कशासाठी ते त्यांना कळत नसावं.

"नैवेद्याचं काय?" शालनवहिनींनी डोळे न उघडता विचारलं.

"नैवेद्य मी दाखवते. मी मरेपर्यंत. मेल्यावर देव आणि ही बघून घेतील." आक्कासाहेबांनी कप खाली ठेवला. "आलं जरा कमी घाल पोरी. आणि तुम्ही हो, पॉलिशवाले. लग्नाच्या आधी आमच्याकडं या. भिंतीतलं कपाट हाय स्वयंपाकघरात, तीन पिढ्यांचं. पार काळं झालंय, चार माणसांत दाखवायची लाज वाटते. नवं करून मिळंल काय?"

"तेच तर माझं काम," मी म्हणालो.

लग्न वैशाखात झालं. कपाटाचं काम मात्र पावसाळ्यापर्यंत लांबलं, कारण आक्कासाहेबांना कुठलाच रंग पुरेसा नवा वाटेना. तोवर पद्मजा त्या घरात राहायला आली होती. मी दारं घासत बसलो की ती दुपारी खडू घेऊन यायची आणि फरशीवर एक अक्षर काढायची, डाव्या हाताने. मग खडू माझ्या डाव्या हातात द्यायची. मी त्रेपन्न वर्षांचा होतो. त्या महिन्यात मी बाराखडीचा अर्धा रस्ता गेलो, उरलेला पुढे दोन वर्षांत.

ते कपाट तीन पिढ्यांच्या उजव्या हातांनी उघडलेलं होतं. उजव्या दाराला खळगा पडला होता. डावं दार जवळजवळ कोरं, बिजागरीसुद्धा करकरत होती. शेवटच्या दिवशी मी त्या डाव्या दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याने माझं नाव लिहिलं. सोपान. त्यातला न उलटा पडला. पद्मजाने बघितलं, म्हणाली, "राहू दे, मामा." मी त्यावर चपडीचे दोन हात दिले, पुसलं जाऊ नये म्हणून.

आक्कासाहेब पुढे अकरा वर्षं जगल्या. रोज सकाळी त्या कपाटातून साखर काढायच्या, उजवं दार उघडून. त्यांना ते नाव कधी दिसलं नाही.